बेस गिटारवरची नको असलेली पिकअपची खोबण कशी बुजवायची? सोलापूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापुरात बेस वाजवणारे कोण? ऑर्केस्ट्रातले, चर्चमधले आणि कॉलेजच्या बँडमधले. बहुतेकांच्या हातातला बेस सेकंडहँड असतो, आणि आधीच्या मालकानं त्यावर काही ना काही प्रयोग करून ठेवलेला असतो. त्यामुळे दुरुस्तीच्या टेबलावर एकच प्रश्न नाना रूपांत येतो: पिकअपसाठी (स्ट्रिंगचं कंपन विजेत बदलणारा चुंबकी भाग) कोरलेल्या या खड्ड्याचं काय करायचं? नेहमीचे प्रश्न आणि माझी उत्तरं खाली देतोय. काही बाबतींत मी हट्टी आहे, ते वाचताना कळेलच.

हा जादा खड्डा मुळात येतो कुठून?

बहुधा हौसेतून. फेंडरचा प्रिसिजन बेस १९५१ साली आला तेव्हा त्यावर एकच पिकअप होता. १९५७ मध्ये तो दोन तुकड्यांत विभागला गेला. १९६० मध्ये दोन पिकअपचा जॅझ बेस आला, आणि प्रिसिजनवाल्यांना ब्रिजजवळ (बॉडीवर स्ट्रिंग जिथं अडकतात तिथं) जॅझचा पिकअप हवासा वाटायला लागला. कुणाला नेकच्या, म्हणजे गळ्याच्या तोंडाशी गिब्सन ईबी-० सारखा जाडजूड हंबकर (दोन गुंडाळ्यांचा पिकअप) हवा असतो. राउटर (लाकूड कोरायचं यंत्र) फिरतो, काही महिने नव्याची नवलाई टिकते आणि मग बेस विकायला निघतो.

दुसरं कारण मापाचं. जॅझ बेसचा ब्रिजकडचा पिकअप १९७० च्या दशकात ब्रिजच्या दिशेनं साधारण १ सेंटिमीटर सरकला. त्या बेसवर कुणाला साठच्या दशकातली जागा हवी असली, की नवी खोबण जुनीवर अर्धवट चढते आणि उरलेली फट भरावीच लागते.

भरायलाच हवी का? तशीच ठेवली तर काय बिघडतं?

काहीच बिघडत नाही. बॉडी कमजोर होईल ही भीती बहुतेक वेळा फुकटची असते. फेंडरच्या मापाची बॉडी साधारण ४४-४५ मिमी जाड असते आणि पिकअपची खोबण साधारण २० मिमी खोल. म्हणजे खाली निम्म्याहून जास्त लाकूड शाबूत असतं. अपवाद एकच: खोबण नेकच्या खाचेला भिडली असेल आणि मधली भिंत कागदासारखी उरली असेल, तर तिथं लाकूड भरणं गरजेचं आहे, कारण नेकचे स्क्रू तिथंच ताण घेतात.

बाकी वेळी आधी सोपे उपाय पाहा. प्रिसिजनचा पिकगार्ड (बॉडीवरचा प्लॅस्टिकचा पत्रा) बराच भाग झाकतो. थोडा मोठा पिकगार्ड कापून घेतला तर नेकजवळचा खड्डा त्याखाली जातो. ब्रिजजवळच्या जॅझच्या खोबणीवर रिकामं पिकअप-कव्हर बसवा. अंगठा टेकवायला जागा मिळते आणि स्टेजवरून कुणाला फरक कळत नाही. सगळ्यात सोपं म्हणजे पिकअप राहू द्या आणि त्याचा व्हॉल्यूम शून्य करा. फक्त तो स्क्रूनं खाली दाबून ठेवा, कारण वायर तोडली तरी त्यातलं चुंबक स्ट्रिंगला ओढतच राहतं.

हे वाचूनही भरायचीच असेल तर पुढे चला.

भरल्यावर आवाज सुधारतो का?

नाही, आणि बिघडतही नाही. हिशेब करा. जॅझच्या पिकअपची खोबण, स्क्रूच्या कानांसकट सरळ आयत धरली, तर ढोबळमानानं ९५ × ३० × २० मिमी. म्हणजे ६० घनसेंटिमीटरच्या आतलं लाकूड. शिवणीसारख्या हलक्या लाकडात याचं वजन ३० ग्रॅमच्या आसपास भरतं. जो पिकअप काढला तो याहून जड होता. चार किलोच्या वाद्यात एवढ्या फरकानं सस्टेन (सूर टिकणं) वाढला असं कुणी सांगितलं, तर त्यानं बहुधा त्याच दिवशी स्ट्रिंगही बदलल्या असतील.

पण मला तर भरल्यावर गुणगुण वाढलेली ऐकू येते.

ती लाकडाची नाही, वायरिंगची. हल्लीच्या बहुतेक जॅझ सेटमध्ये एक पिकअप उलट गुंडाळीचा आणि उलट चुंबकाचा असतो. दोन्ही पूर्ण उघडले की एकमेकांची गुणगुण खातात. त्यातला एक काढला की उरलेला सिंगल कॉइल (एकाच गुंडाळीचा पिकअप) उघडा पडतो. उरलेल्या खोबणीत तांब्याची पट्टी लावून ती अर्थला जोडा, थोडा फरक पडेल. प्रिसिजनच्या दोन तुकड्यांच्या पिकअपमध्ये ही अडचण येत नाही, कारण तो स्वतःच स्वतःची गुणगुण खातो.

एम-सील, अराल्डाइट किंवा गाडीची लांबी (पुट्टी) भरून दिली तर? एका दिवसात काम होतं ना?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, म्हणून उत्तरही सविस्तर देतो.

काम एका दिवसात होतं, हे खरं. पहिल्या पावसाळ्यापर्यंत दिसतंही झकास. अडचण त्यानंतरची. लाकूड हवेतला ओलावा घेतं आणि सोडतं. आपल्याकडे तर मे महिन्यात हवा हाडासारखी कोरडी, पारा चाळिशीच्या वर, आणि जून-जुलैत एकदम दमट. घराचं लाकडी दार उन्हाळ्यात सैल पडतं आणि पावसाळ्यात चौकटीत अडकतं, तेच बॉडीचं होतं, फक्त कमी मापात. लांबी मात्र हलत नाही. चारही बाजूंचं लाकूड सरकतं, मधला दगड जागच्या जागी. मग रंगावर खोबणीची अख्खी चौकट उमटते. आधी नुसती उजेडात दिसणारी रेघ, पुढे बारीक तडा.

अराल्डाइटसारखं इपॉक्सी एवढ्या जाडीत एकदम ओतलं तर घट्ट होताना स्वतःच तापतं आणि गार होताना आकसतं. कधीकधी मधोमध तडकतं. लाकडाच्या दुपटीहून जड होतं ते वेगळंच. फेविकॉल आणि भुश्याचा लगदा केला तर त्यातलं पाणी उडून जातं आणि मधे खळगा पडतो. पुन्हा भरा, पुन्हा खळगा. शिवाय त्या जागी उद्या नवी खोबण कापायची झाली तर राउटरच्या पात्याखाली लांबीचे टवके उडतात आणि स्क्रू धड धरत नाहीत.

लांबीची जागा केसाएवढ्या फटीत आणि पेन्सिलच्या टोकाएवढ्या छिद्रात. खोबणीत लाकूडच जायला हवं.

कोणतं लाकूड घेऊ? वखारीत आल्डर मागितलं तर माझ्याकडे बघत राहिले.

बघणारच. आल्डर, अ‍ॅश, बासवुड ही परदेशी लाकडं आपल्या वखारीत मिळण्याची आशा धरू नका. त्याची गरजही नाही. आधी खोबणीचा तळ खरवडून आतलं लाकूड पाहा. नखानं दबणारं, फिकट, जवळजवळ रेषा नसलेलं असेल तर बासवुड असण्याची शक्यता जास्त. ठळक, खोल रेषा असतील तर अ‍ॅश. थर दिसले तर बॉडी प्लायवुडची आहे.

आपल्याकडच्या लाकडांत माझी पहिली पसंती शिवणीला. हलकं, फिकट आणि वाळल्यावर कमी हलणारं. तून नावाचं लाकूडही चांगलं. मिरजेच्या तानपुऱ्या-सतारींना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्या वाद्यांचे दांडे याच जातीच्या लाकडाचे आणि भोपळे आपल्या मंगळवेढ्याकडचे. तिकडे कुणी ओळखीचा कारागीर असेल तर हातभर वाळलेला तुकडा मागून बघा. त्यांच्याकडे वर्षानुवर्षं वाळवलेलं लाकूड असतं, आणि आपल्याला खरी गरज त्या वाळलेपणाची आहे.

सागवान चालतं, पण त्यात तेल असतं. चिकटवण्याआधी थिनरनं पुसून लगेच फेविकॉल लावावा लागतो. जुन्या हातमागाचं किंवा पलंगाचं सागवान घरात पडलं असेल तर ते नव्यापेक्षा बरं, कारण त्याचं हलणं-डुलणं कधीच संपलेलं असतं. शिसम फार जड. एमडीएफ नको, ते ओल धरून फुगतं. प्लायवुड फक्त प्लायच्या बॉडीत.

एमआयडीसीतल्या खोक्यांचं पाइन फुकट मिळतं म्हणून बरेचजण आणतात. त्यावर एचटी असा शिक्का असेल तर त्याचा अर्थ एवढाच की कीड मारण्यासाठी ते गाभ्यापर्यंत ५६ अंशांवर ३० मिनिटं तापवलंय. वाळवलंय असा अर्थ नाही. गाठी आणि राळ टाळून तुकडा निवडा आणि तो महिनाभर बेसच्याच खोलीत ठेवा.

रेषांची दिशा एवढी महत्त्वाची का? शेवटी वरून रंगच मारायचाय.

कारण लाकूड रेषांच्या आडव्या दिशेत फुगतं आणि आकसतं. लांबीच्या दिशेत जवळजवळ हलतच नाही. बॉडीच्या रेषा नेककडून शेपटीकडे जातात. ठोकळ्याच्या रेषाही तशाच गेल्या तर दोघं एकत्र हलतात आणि रंगाला कळतही नाही.

आता फसवी जागा. जॅझची खोबण लांबट असते आणि ती बॉडीच्या रेषांना आडवी असते. सुताराला नुसतं माप दिलं, तर तो सवयीनं लांब पट्टी कापून देईल, रेषा पट्टीच्या लांबीत. बसवल्यावर त्या रेषा बॉडीला काटकोनात येतात, म्हणजे नेमक्या उलट. आपल्याला हवा तो तुकडा १०० मिमीपेक्षा रुंद फळीतून आडवा कापावा लागतो. हातात तो विचित्र वाटतो, जोर दिला तर बिस्किटासारखा मोडतो, पण बसल्यावर बरोबर असतो.

याच कारणानं खोबणीचा तळ महत्त्वाचा. लांब बाजूच्या दोन्ही भिंतींवर रेषांची कापलेली टोकं असतात. ती फेविकॉल पिऊन टाकतात आणि धड धरत नाहीत. खरी पकड तळाची. तळ सपाट आणि स्वच्छ नसेल तर वरून कितीही घट्ट बसलं तरी ठोकळा पोकळच राहतो. त्या टोकांवर आधी पातळ फेविकॉलचा हात मारा, पाच मिनिटं पिऊ द्या, मग नेहमीसारखा लावा.

खोबण तयार कशी करायची? राउटर नाही.

आधी आतलं सगळं काढा: पिकअप, फोम, काळा शिल्डिंगचा रंग, तांब्याची पट्टी. आणि वायरी कुठून कुठं जातात ते मोबाइलवर टिपून घ्या. पुष्कळ बेसमध्ये दुसऱ्या पिकअपची वायर किंवा ब्रिजखाली जाणारी अर्थिंगची तार याच खोबणीतून जाते. ती ठोकळ्याखाली गाडली गेली तर नंतर बॉडी फोडूनच सापडते. तशी वायर असेल तर ठोकळ्याच्या खालच्या बाजूला खाच पाडा आणि त्यात प्लॅस्टिकची बारीक नळी ठेवा.

फेविकॉल रंगावर चिकटत नाही. सगळ्या भिंती आणि तळ उघड्या लाकडापर्यंत यायला हवेत. जॅझच्या खोबणीला स्क्रूसाठी कान असतात. त्या कानांच्या आकाराचा ठोकळा कोरत बसू नका. खोबण मोठी करून सरळ आयत करा. सनमायका कापायचा ट्रिमर सुताराकडे असतोच. एमडीएफचा फर्मा करून, एका वेळी ३-४ मिमीच खोल जात, त्यानं हे काम होतं. कोपरे गोल राहतील. ते पटाशीनं काटकोनात आणा, नाहीतर ठोकळ्याचे कोपरे तेवढेच गोल करा. दोन्ही चालतं, मला दुसरं सोपं वाटतं. ट्रिमरही नसेल तर धारदार पटाशी आणि संयम.

ठोकळा किती घट्ट असावा?

हाताच्या दाबानं आत जाईल इतका. हातोडी लागली तर जास्त झालं: फेविकॉलच्या पाण्यानं लाकूड फुगतं आणि ठोकळा अर्ध्यात अडकतो. खालच्या कडा किंचित तासून घ्या आणि एका बाजूला बारीक खाच ठेवा, म्हणजे तळाचा जादा फेविकॉल वर यायला वाट मिळेल. नाहीतर तो खाली कोंडतो आणि ठोकळा तळाला टेकतच नाही. वर १-२ मिमी उंच राहू द्या.

फेविकॉल की अराल्डाइट?

बसणी चांगली असेल तर साधा फेविकॉल एसएच किंवा मरीन. इपॉक्सी फक्त तेव्हा, जेव्हा फटी राहिल्यात आणि नवा ठोकळा करायची तयारी नाही. फेविक्विक नको.

एप्रिल-मेमध्ये दुपारी हे काम काढू नका. पंख्याखाली फेविकॉल बघता बघता साय धरतो. सकाळी लवकर उरका. बॉडीखाली सोलापुरी टॉवेलची जाड घडी, ठोकळ्यावर सपाट फळी, आणि दोन सी-क्लॅम्प. कडेनं फेविकॉलचे बारीक थेंब चौफेर दिसायला हवेत. २४ तास हात लावू नका.

क्लॅम्प काढल्यावर लगेच घासू का?

नको. फेविकॉल घट्ट झाला म्हणजे पाणी गेलं असं नाही. जोडाच्या दोन्ही बाजूंचं लाकूड अजून फुगलेलं असतं. त्या अवस्थेत सपाट केलंत तर सगळं पाणी उडाल्यावर नेमकी जोडावर बारीक घळ पडते, आणि तोवर तुम्ही वर रंग मारलेला असतो. उन्हाळ्यात किमान आठवडा, पावसाळ्यात दोन-तीन. संक्रांतीच्या सुमारास भरणाऱ्या गड्ड्याच्या यात्रेतल्या कार्यक्रमाला बेस हवा म्हणून जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात आणून दिला, तर मी तो तसाच परत करतो. खोबण उघडी ठेवून वाजवा आणि संक्रांत झाली की आणा.

घासताना आजूबाजूला मास्किंग टेप लावा. उंच भाग धारदार रंध्यानं बारीक बारीक उतरवा, मग सपाट लाकडाच्या तुकड्यावर पॉलिश पेपर गुंडाळून ८०, १२०, १८० असं वर जा. नुसत्या बोटांनी घासलं तर मऊ लाकूड आधी झिजतं आणि बशीसारखा खळगा होतो. तोंडाला मास्क बांधा.

स्क्रूची जुनी छिद्रं?

झाकली जाणार असतील तर टूथपिक आणि फेविकॉल. उघडी राहणार असतील तर तीन-चार मिमीचं छिद्र पाडून त्याच जातीच्या लाकडाची खुंटी ठोका.

माझा बेस नैसर्गिक लाकडाच्या पॉलिशचा आहे. जोड दिसणार नाही असं करता येईल?

नाही. दिसणारच. रंग जुळवला तरी रेषा तुटतात, आणि उजेड फिरला की तुकडा वेगळा चमकतो. माझ्या मते लपवायच्या मागे लागू नये. मुद्दाम गडद लाकडाचा ठोकळा नीट, काटकोनात बसवला तर तो नक्षीसारखा दिसतो. नाहीतर पिकगार्ड, नाहीतर पूर्ण वरच्या बाजूवर विनिअर, नाहीतर अपारदर्शक रंग. सनबर्स्टमध्ये खोबण कडेच्या गडद पट्ट्यात येत असेल तर नशीब. मधल्या पिवळ्या भागात असेल तर तीच गत.

रंग डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडून करून घेऊ का?

घ्या, त्यांचा हात सफाईदार असतो. दोन गोष्टी मात्र स्पष्ट सांगा. एक, तेवढाच भाग रंगवायचा की पूर्ण बॉडी. जुना रंग पॉलिएस्टर किंवा पीयूचा (पॉलियुरेथेनचा) असेल, आणि हल्लीच्या बहुतेक बेसवर तोच असतो, तर नवा थर जुन्यात विरघळत नाही आणि तुकड्याची कड दिसते. एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकर असेल तर तो मागच्या थरात मिसळतो, पॅच बराच लपतो. दोन, बॉडी गरम बूथमध्ये किंवा हीटरसमोर ठेवायची नाही. ६० अंशांच्या आसपास फेविकॉल मऊ पडू लागतो, आणि साधं इपॉक्सीही. त्याच कारणानं होटगी रोडला भर दुपारी बंद गाडीत बेस सोडून जाऊ नका.

सुतार मामांना नेमकं काय सांगू?

बॉडी सोबत घेऊन जा. नुसतं माप देऊ नका. आणि असं सांगा: “मामा, या खड्ड्यात लाकडाचाच ठोकळा बसवायचाय, लांबी नको. रेषा अशा, गळ्याकडनं शेपटीकडं आल्या पाहिजेत. पट्टी उभी कापू नका, रुंद फळीतनं आडवी कापा. आणि खिळा मारू नका.” शेवटचं वाक्य विसरू नका. चांगल्या मनाचा सुतार जोड पक्का व्हावा म्हणून बिनडोक्याचा खिळा हमखास ठोकतो, आणि पुढे कधी राउटर फिरवताना पातं त्यावर आदळतं.

बेस जुना आणि किमती असेल तर?

हात लावू नका. आधी जाणकाराला दाखवा. जुन्या वाद्याचा मूळ रंग गेला की किंमतही जाते, खोबण कितीही सुंदर बुजवली तरी.

पुढेमागे त्याच जागी पुन्हा पिकअप बसवावासा वाटला तर?

बसवता येतो. लाकडानं, नीट दिशेनं भरलेली जागा राउटरला नव्या बॉडीसारखीच असते, नवी खोबण जोडावरून गेली तरी चालते. फक्त मागच्या बाजूनं पोटाचा खोलगट कापा कुठवर येतो ते आधी मोजा आणि तळाला किमान १५ मिमी लाकूड राहील एवढंच खोल जा. ठोकळ्याखाली वायरची नळी ठेवली असेल तर तिची जागा ज्या फोटोत आहे तो जपून ठेवा.